तिसऱ्या मुलाचा दाखला

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या गावची ग्रामपंचायत निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली एक जागा मागास प्रवर्गातील महिलेसाठी राखीव होती. माझ्या मामेबहिणीने तिथून उभे राहावे असे बचत गटातल्या बायकांनी ठरवले. ती बारा वर्षे गट चालवते, बँकेत जाऊन अधिकाऱ्यांशी दोन हात करते, रेशनच्या दुकानात वजन कमी भरले तर काटा परत लावायला लावते. गावात तिच्या नावाला विरोध करणारे फार कोणी नव्हते. अर्ज भरायच्या आदल्या रात्री घरी बैठक बसली. कागद एकेक करून बघितले जात होते. जातवैधतेसाठी अर्ज केल्याची पोच झाली, शौचालयाचा दाखला झाला, घरपट्टी भरल्याची पावती झाली. मग प्रश्न आला, मुले किती?

तीन. तिन्ही मुली. धाकटी २००९ ची.

तिला नियम अगदीच माहीत नव्हता असे नाही. पण नियम सरकारी नोकरदारांना असतो, आपण कुठे नोकरी करतो, असा तिचा समज होता. बैठकीतल्या एका जाणत्या माणसाने लगेच उपाय सुचवला. धाकटीला भावाच्या नावावर दाखव, दत्तक दिली म्हणून सांग, कोण बघायला येतंय. ती धाकटी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि चहाचे कप उचलायला आत आली होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आईला विचारले, "मेरी वजह से?" पुढे बैठक चालली नाही. मामेबहिणीने अर्ज फाडला नाही, नुसता घडी घालून कपाटात ठेवला. सकाळी तिने दुसऱ्याच बाईला उभे केले.

(तो उपाय कायद्यात टिकलाही नसता. ओडिशातल्या एका सरपंचाने तिसरे अपत्य दत्तक दिल्याचे सांगितले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मूल दुसऱ्याच्या घरी वाढले तरी जन्म तुमच्याकडेच मोजला जाणार.)

छाननीच्या दिवशी मी तहसील कचेरीत होतो. आमच्या गावचे आणखी दोन अर्ज याच कारणाने बाद झाले. एक मराठा समाजातल्या तरुण शेतकऱ्याचा आणि एक धनगर समाजातल्या बाईचा. कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा घेताना आमच्याच गावातला एक ओळखीचा माणूस मला म्हणाला, "काही म्हणा, हा कायदा बरा आहे. तुमच्या लोकांना जरा आळा बसतो." बाद झालेले दोन्ही अर्ज त्याच्या डोळ्यांसमोर बाद झाले होते. त्यांतला एक त्याच्या चुलत भावाचा होता. तरी त्याच्या मनात कायदा "आमच्या लोकांसाठी"च होता. त्या दिवसापासून या विषयावर लिहायचे डोक्यात आहे. दरवेळी कुणीतरी म्हणते, तुम्ही कशाला लिहिता, लोकांना वाटेल मुसलमान आहे म्हणून विरोध करतोय. तर आधीच सांगून टाकतो, मला दोनच मुले आहेत, लहान कुटुंब मला पटते, आणि या कायद्याला माझा विरोध आहे. या तीन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

आधी कायदा काय आहे ते बघू, कारण त्यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांपैकी कशाचीही निवडणूक लढवू शकत नाही. निवडून आल्यावर तिसरे मूल झाले तर पद जाते. २००५ च्या नियमांनी राज्य सरकारच्या नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन लागू झाले. पुढे ते सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या समितीपर्यंत जाऊन पोचले. म्हणजे लिफ्ट बंद का आहे आणि पाण्याचा टँकर कधी येणार हे ठरवणाऱ्या समितीवर बसायचे तर तुमच्या घरात पाळणा किती वेळा हलला याचा हिशेब द्यावा लागतो. मात्र आमदार व्हायचे असेल तर अशी अट नाही. खासदार व्हायचे असेल तरी नाही. १९९२ मध्ये संसद आणि विधिमंडळांच्या सदस्यांनाही दोन अपत्यांची अट घालणारे ७९ वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडले गेले होते. ते कधीच मंजूर झाले नाही. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला वगळून सरपंचाला धडा शिकवला आणि त्याला देशहित म्हटले.

हे केवळ ढोंग आहे म्हणून मी थांबत नाही. ढोंगी माणसाने सांगितलेली गोष्टही कधीकधी खरी असते. प्रश्न असा की या कायद्याने जे व्हायचे होते ते झाले का.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची एक मोठी सरकारी पाहणी ठरावीक वर्षांनी होते. तिच्यात एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील याचा अंदाज काढतात. साधारण २.१ आला की लोकसंख्या स्वतःची जागा भरून काढते, त्याहून फार वाढत नाही. १९९८-९९ च्या पाहणीत, म्हणजे कायद्याची तारीख यायच्या आधीच, महाराष्ट्राचा आकडा २.५ वर उतरलेला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ आहे. कायद्याचे समर्थक म्हणतील, बघा, उतरला. पण शेजारच्या कर्नाटकात पंचायतीला अशी अट नव्हती, तिथेही आकडा १.७ आहे. केरळ आणि तमिळनाडूत अट नव्हती, तिथे १.८ आहे. राजस्थानात अट १९९० च्या दशकातच आली, तिथे २.०. या आकड्यांतून कायद्याचे यश शोधायचे म्हणजे पाऊस पडल्यावर छत्री विकणाऱ्याने पावसाचे श्रेय घेण्यासारखे आहे.

काहीच परिणाम होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना निवडणूक लढवायची असते त्यांच्या घरात तिसरे मूल टाळले जाते, हे आपण गावागावात पाहतो. पण कसे टाळले जाते? पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या वेळी काय होते? महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये हजारी ९१३ होते, २०११ मध्ये ८९४ झाले. याला एकटा हा कायदा कारण नाही. सोनोग्राफीची यंत्रे, हुंडा, वंशाच्या दिव्याचा हव्यास, सगळे आहे. पण ज्या समाजाला मुलगा हवाच आहे त्याला तुम्ही सांगितले की तुला दोनच संधी, तर तो दुसऱ्या संधीला काय करणार हे समजायला फार शिकायला लागत नाही. निर्मला बुच यांनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान अशा पाच राज्यांत या अटीचे परिणाम अभ्यासले. पद वाचवण्यासाठी बायकोला सोडून देणे, मूल आपले नाहीच म्हणणे, मूल दत्तक दिल्याचे दाखवणे, जबरदस्तीने गर्भपात, असले प्रकार त्यात आढळले. आमच्या घरच्या बैठकीतला तो जाणता माणूस काही नवीन सांगत नव्हता. देशभर असे जाणते बसलेले आहेत.

आणि बाई. तिचा विचार तर कोणीच केलेला नाही. २०११ पासून आपल्याकडे पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. ज्या बाईचे वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले, मूल कधी व्हावे आणि किती व्हावीत यात जिला कुणी विचारले नाही, तिला पस्तिसाव्या वर्षी तुम्ही सांगता की तुझी तीन मुले आहेत, तू अपात्र आहेस. तिच्या नवऱ्याने, सासूने, परिस्थितीने घेतलेल्या निर्णयाची शिक्षा तिला. माझ्या मामेबहिणीला तिसरी मुलगी का झाली याचे उत्तर तिच्या सासूकडे आहे, आणि सासूने काही अर्ज भरलेला नव्हता. मामेबहीण स्वतः एवढेच म्हणते, "हमारे नसीब में तीन बेट्याँच थे, और तीनों पढ रे." थोरली नर्सिंगला आहे, मधली बी. कॉम. करते.

आता आपल्या लोकांकडे वळतो. माझ्या नेहमीच्या वाचकांपैकी निम्मे तरी इथपर्यंत मान डोलवत आले असतील. पुढचे त्यांना तितके आवडणार नाही.

मुस्लिम लोकसंख्येची भीती घालणारे आकडे फिरवतात, त्याला उत्तर म्हणून आपल्यातले काहीजण "आम्हाला असला काही प्रश्नच नाही" म्हणून मोकळे होतात. दोन्ही खोटे आहे. १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत, हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ मध्ये मुस्लिम २.३६ आणि हिंदू १.९४. म्हणजे तीस वर्षांपूर्वी एका मुलाहून जास्त असलेले अंतर आता अर्ध्या मुलाहूनही कमी राहिले. मुस्लिम स्त्रियांमधली घट जास्त वेगाने झाली. माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी यांनी २०२१ मध्ये या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले, त्यात असे भरपूर आकडे आहेत. बिहारमधल्या हिंदू स्त्रीला केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा सरासरीने जास्त मुले होतात. जम्मू-काश्मीरचा आकडा १.४ आहे. लक्षद्वीपचाही १.४. तरी २०२१ मध्ये लक्षद्वीपसाठी पंचायतीचा जो नवा मसुदा आला त्यात दोन अपत्यांची अट होतीच! ज्या बेटांवर जवळपास सगळी वस्ती मुस्लिम आहे आणि जिथे बायकांना दोनसुद्धा मुले होत नाहीत, तिथे ही अट कशासाठी? लोकसंख्येसाठी नक्कीच नाही.

पण तो उरलेला फरक, तो कुठून येतो? शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा आकडा देशभरात २.८ आहे आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांचा १.८. सगळ्यात गरीब घरांत २.६, सगळ्यात सुखवस्तू घरांत १.६. इथे धर्माचे नाव कुठेच नाही, पण आपल्या मोहल्ल्याचे वर्णन आहे. दहावीनंतर मुलीला घरी बसवायची, अठरा पुरी व्हायची वाट बघत बसायची, लग्न लावून द्यायचे आणि वर्षभरात पाळणा. याला कुणी कायदा लावलेला नाही, हे आपण आपल्याच हाताने करतो. भीती घालणाऱ्यांना उत्तर द्यायला आपण सभा घेतो. मुलीला अकरावीला घालण्यासाठी सभा घेतल्याचे मी फार कमी वेळा पाहिले.

आणि धर्माचा आधार. मी आलिम नाही, पण ज्यांना आलिम म्हणून साऱ्या जगाने मानले त्यांचे तरी ऐकावे. हजरत जाबिर यांच्या रिवायतीनुसार प्रेषितांच्या हयातीत, कुरआन अवतरत असताना, सहाबा 'अज्ल' करत आणि त्यांना त्यापासून रोखले गेले नाही. अज्ल म्हणजे त्या काळातले संततिनियमन. इमाम गझालींनी तर ते कोणकोणत्या कारणांनी करता येईल याची चर्चाच केली आहे, आणि मुले जास्त झाली तर कमाईसाठी करावी लागणारी ओढाताण हे त्यातले एक कारण आहे. अकराव्या-बाराव्या शतकातला माणूस हे लिहून गेला. १९५९ मध्ये अल-अजहरचे शेख महमूद शलतूत यांनी गरजेप्रमाणे संततिनियमन करायला परवानगी असल्याचा फतवा दिला. दारिद्र्याच्या भीतीने मुलांना मारू नका ही कुरआनची आज्ञा गर्भधारणा टाळण्याला लावायची की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, कायमच्या नसबंदीवर तर जास्तच आहेत, ते मी लपवत नाही. पण "इस्लाममध्ये हे चालत नाही" हे एका वाक्यात सांगून विषय संपवणारे भाई चौदाशे वर्षांची चर्चा एका फटक्यात पुसून टाकत असतात.

न्यायालयातही आपल्यातल्या काहींनी हाच मार्ग धरला होता. हरियाणातल्या पंचायत कायद्याला आव्हान देणारा जावेद विरुद्ध हरियाणा राज्य हा खटला २००३ मध्ये निकाली निघाला. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला गेला. न्यायालयाने सरळ सांगितले की धर्माने एखादी गोष्ट करायला मुभा दिली म्हणजे ती करणे धर्माचे कर्तव्य झाले असे नाही. इथवर मला निकालाचे म्हणणे पटते. पुढे न्यायालयाने अटच योग्य ठरवली, ते पटत नाही. धर्मस्वातंत्र्याचा आधार घेण्याऐवजी स्त्रीच्या संमतीचा, गरिबीचा, मुलींच्या जन्माचा मुद्दा आपण पुढे रेटला असता तर? कदाचित तरीही हरलो असतो. पण ती सगळ्यांची लढाई झाली असती, एकट्या मुसलमानांची नाही. गंमत म्हणजे ज्या हरियाणाने सर्वोच्च न्यायालयात हा कायदा जिंकला, त्याच हरियाणाने २००६ मध्ये तो स्वतःहून मागे घेतला. हिमाचल, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडनेही त्याच सुमारास सोडून दिला.

आपल्याकडे सक्तीची भीती इतकी खोल का बसली आहे, हे बिगरमुस्लिम वाचकांनी समजून घ्यावे म्हणून अब्बांची गोष्ट सांगतो.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९७६ साली त्यांच्यासारख्या मास्तरांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना 'केसेस' आणायचे कोटे मिळाले. केस म्हणजे नसबंदीसाठी माणूस. केस नाही तर पगार अडणार. अब्बा महिनाभर गावात फिरले. त्यांना बघून लोक मागच्या दाराने शेतात पळत. ज्या मास्तरांना बघून पोरे अदबीने उभी राहत, त्यांना बघून बाप पळायला लागले. शेवटी त्यांनी स्वतःचेच नाव दिले. आम्ही पाच भावंडे होतो, पुरे झाले, असे ते अम्मीला म्हणाले. त्यांनी राजीखुशीने केले का सक्तीने, हे मला आजही सांगता येत नाही. अम्मीने त्यावर कधी बोलू दिले नाही. पण मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली की अशा माणसाची जनाजाची नमाज होत नाही. कुठल्याही आलिमने असे सांगितले नव्हते. तरी अब्बांनी ते मनाला लावून घेतले. १९९८ मध्ये ते गेले तेव्हा दफनविधीला आमचे अख्खे गाव होते. पहिल्या सफमध्ये उभे असताना मी मागे वळून माणसे मोजत होतो. बापाच्या जनाजाच्या वेळी माणसे मोजणारा मुलगा होण्याची वेळ कुणावर येऊ नये.

अब्बांचे निभावले म्हणायचे. हरियाणातल्या मेवात भागात उटावर नावाचे मुस्लिमबहुल गाव आहे. नोव्हेंबर १९७६ मध्ये पहाटे पोलिसांनी त्याला वेढा घातला आणि पुरुषांना पकडून नसबंदीला नेले. दिल्लीच्या तुर्कमान गेटचे नाव तर सगळ्यांना माहीत आहे. शाह आयोगापुढे ही सगळी प्रकरणे आली. त्या एका वर्षात देशभर सुमारे ८१ लाख नसबंद्या झाल्या, आणि त्यात मोठी संख्या हिंदू गरिबांची, दलितांची होती. हेही आपण विसरतो. आणीबाणीतली सक्ती मुसलमानांवरच झाली असे आपल्यातले काही लोक सांगतात, ते खरे नाही. ज्याच्याकडे ओळख नव्हती त्याच्यावर झाली.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक मंजूर केले होते. दोन्ही सभागृहांत. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, नाहीतर देशातला तसला पहिला कायदा आपल्या नावावर लागला असता. ज्या राज्यात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यासाठी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले, त्याच राज्यात हे झाले. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडायला उभे राहिले होते. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला, तो फेटाळला गेला. या माणसांनी बाईच्या शरीराचा, तिच्या आरोग्याचा विचार आधी केला. शिक्षेची भाषा केली नाही. आणि त्यांना तेव्हाच्या सगळ्या धर्मांच्या ठेकेदारांनी शिव्या घातल्या, हेही नोंदवून ठेवू. संततिनियमन मुसलमानांनाच नको होते असा इतिहास नाही.

नसबंदीचा विषय निघालाच आहे तर पुरुष वाचकांसाठी एक आकडा. आज देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी असते. हिंदू-मुस्लिम दोघांचे यावर मात्र संपूर्ण एकमत आहे.

सरकारच्या हातात पाळण्याची दोरी दिली की काय होते ते बघायला लांब जायला नको. इराणने १९८९ नंतर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. लग्नाआधी वर्ग, मोफत साधने, गावोगावी आरोग्यसेविका, आणि मुली शाळेत. चौथ्या मुलाच्या सवलती काढून घेणारा कायदाही केला, पण खरी ताकद दवाखान्याची आणि शाळेची होती. एका पिढीत सहाच्या वरून दोनच्या आसपास. मौलवींच्या राज्यात हे झाले, हे इथल्या दोन्हीकडच्या कट्टरांना ऐकवायला मला आवडते. पण २०२१ मध्ये त्याच सरकारने उलटा कायदा केला आणि साधने मिळणे अवघड करून टाकले, कारण आता मुले हवीत. चीनने १९८० पासून एक मूल, २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन असे फर्मान काढले, आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटते आहे. आता सरकार मुले व्हा म्हणते, बायका ऐकत नाहीत. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने १९९४ मध्ये पंचायतीला दोन मुलांची अट घातली होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आता लोकांना जास्त मुले होऊ द्या म्हणून सांगत आहेत. त्यांना म्हाताऱ्यांची वाढती संख्या आणि लोकसभेतल्या जागांची चिंता आहे. त्या तीस वर्षांत आंध्रात किती बायकांचे अर्ज बाद झाले असतील, त्यांना कुणी निरोप पाठवला असेल का, की ताई, चूक आमची होती, आता तिसरे चालते?

केंद्र सरकारने स्वतः डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की कुटुंबनियोजनात सक्तीला आपला विरोध आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशच्या विधी आयोगाने दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांच्या नोकऱ्या, अनुदाने आणि निवडणुका काढून घेणारा मसुदा आणला. तो कायदा झाला नाही, पण निवडणुकीपुरती चर्चा झाली. मला वाटते चर्चेसाठीच तो होता.

मला हवे ते फार मोठे नाही. दवाखान्यात गोळ्या आणि तांबी कायम मिळावी. तालुक्याला स्त्री-डॉक्टर असावी, जिच्यापुढे आमच्या मोहल्ल्यातली बाई बुरखा काढून मनमोकळे बोलेल. गावापासून कॉलेजपर्यंत मुलींसाठी वेळेवर एसटी असावी. आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यातले ते कलम जावे. पहिल्या तीन गोष्टींनी मुले कमी होतात. चौथीने मुले वाढणार नाहीत.

याच वर्षी आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधीला एका लग्नात गाठून मी विचारले, आंध्रने अट काढली, आपण कधी काढणार? माणूस वाईट नाही. कामाला धावून येतो, ईदला घरी येऊन शीरखुर्मा खातो. त्यांनी मला बाजूला घेतले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाई, कायद्यात काही अर्थ नाही, मलाही माहीत आहे. माझ्या पक्षातल्या निम्म्या कार्यकर्त्यांचे अर्ज त्यात अडकतात. पण हा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही काढला तर तो कधीच सुटायचा नाही."

मग कुणी काढायचा, असे मी विचारले. तोवर फोटोसाठी त्यांना स्टेजवर बोलावणे आले होते.